जुनं सागवानी फर्निचर घरीच पॉलिश करायचंय? आधी तो सँडर बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बडोद्यातल्या अलकापुरीतला एक जुना बंगला पाडायला निघाला, त्यातलं सामान विकायला काढलं आणि त्यात तुम्हाला एक लांब बुटकं कॅबिनेट मिळालं, खाली निमुळते तिरके पाय आणि सरकत्या दारांना फिकट पिवळा सनमायका. सोबत वेताच्या दोन इझी चेअर आणि एक सेंटर टेबल, ज्याच्यावर कपांचे पांढरे गोल आणि एक काळा डाग आहे. पॉलिशवाला म्हणतोय सगळं घासून मेलामाइन (कडक थराचं केमिकल पॉलिश) मारून देतो, एकदम नवं करून. तुम्हाला मात्र घरीच बाल्कनीत करायचंय, ऑर्बिटल सँडर (विजेवर फिरणारं घासायचं मशीन) मागवून झालाय, आणि विचारताय की पेपर कुठल्या नंबरचा, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन कुठलं, टीक ऑइल चालेल का, खुर्च्या त्या फेमस चंदीगडवाल्या तर नाहीत ना, आणि मुख्य म्हणजे गणपतीच्या आधी होईल का.

गणपतीचं आधी सांगते कारण त्याच्यावर बाकी सगळं ठरतं. सफाई, सांधे, वेत आणि मेण हे गणपतीच्या आधी आरामात होईल आणि खरं सांगू का, तेवढ्यातच सामान ओळखू येणार नाही इतकं सुधारेल. पॉलिशचं काम मात्र आत्ता नको. बडोद्यात श्रावण-भाद्रपदात हवा किती ओली असते ते तुम्हाला माहितीये, लाखेचं पॉलिश अशा हवेत मारलं की वर धुरकट पांढरट झाक येते, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा तिथेच बसतो. ती झाक पुढे काढता येते पण मुद्दाम कशाला ओढवून घ्यायची. दसरा होऊ द्या, हवा कोरडी झाली की तेच काम निम्म्या त्रासात होतं. मकरपुऱ्याला माझं छोटं वर्कशॉप आहे, जुनं लाकडी सामान दुरुस्त करणं हाच धंदा, आणि पावसाळ्यात मी पॉलिशची ऑर्डर शक्यतो घेतच नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल.

आता सँडर. हे जे व्हिडिओ बघून आपण सँडर मागवतो ना, ते बहुतेक अमेरिकेतले नाहीतर युरोपातले असतात, आणि त्यांचं साठ सालचं फर्निचर वेगळं, आपलं वेगळं. तिकडे अमेरिकेत अक्रोडाचं लाकूड आणि वर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, डेन्मार्कचं सागवानी असलं तर बऱ्याचदा नुसतं तेल दिलेलं आणि मोठ्या फळ्यांवर व्हिनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. आपल्याकडे त्याच डिझाइनचं सामान गावातल्या सुताराने अख्ख्या सागवानात नाहीतर सीसममध्ये (शिसवी लाकडात) केलेलं असायचं आणि वर मिस्त्रीने हाताने मारलेलं लाखेचं फ्रेंच पॉलिश. बडोद्यात असं सामान इतकं का सापडतं त्याबद्दल माझा आपला अंदाज असा की १९६५ ला कोयलीची रिफायनरी सुरू झाली, त्याच्या आसपास फर्टिलायझरचा कारखाना, मग आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी, बाहेरून नोकरीला आलेल्या इंजिनिअर लोकांची नवी घरं लागली, त्यांना वाड्यातले कोरीव पलंग नको होते, हलकं, सरळ रेषांचं, पायांवर उभं असलेलं सामान हवं होतं, आणि आपल्या सुतारांनी ते मासिकातले फोटो बघून बनवून दिलं. त्यामुळे सांधे एकदम देशी आणि रूप परदेशी. तर अशा सामानाला परदेशी व्हिडिओतली रेसिपी लावली की गडबड होते. वर काय मारलंय आणि खाली काय आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय एक मिलिमीटरही घासायचं नाही. पॉलिश पुन्हा मारता येतं, घासून गेलेलं लाकूड आणि त्याच्यावर साठ वर्षांत चढलेला तो मधासारखा रंग परत मिळत नाही.

वर काय आहे ते ओळखायला कापसाच्या काडीवर थोडं स्पिरिट घ्या आणि टेबलाच्या खालच्या बाजूला नाहीतर पायाच्या आतल्या अंगाला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे अर्धा मिनिट धरून ठेवा. चिकट झालं, काडीला तपकिरी रंग लागला, म्हणजे लाख. काही नाही झालं तर दुसऱ्या काडीवर एनसी थिनर घ्या, त्याने विरघळलं तर लॅकर. दोन्हीने काही झालं नाही तर नंतर कोणीतरी मेलामाइन किंवा पीयू मारलेलं आहे, आणि तिसरी शक्यता म्हणजे जुना ऑइल पेंट किंवा व्हार्निश. क्रम उलटा करू नका, थिनर लाखेलाही नरम करतं त्यामुळे आधी थिनर लावलं तर काही कळणार नाही. सामान सीसमचं असेल तर आणखी एक, सीसमचा स्वतःचा जांभळट रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि शेजारी फिकट लाकडाची पट्टी असेल तर तिच्यात उतरतो, म्हणून तिथे काडी अगदी जेमतेम ओली. आणि घरात संखेड्याचा झोपाळा किंवा पाळणा असेल तर त्याच्यावर ही टेस्ट करूच नका, संखेडा इथून पन्नासेक किलोमीटरवर, तिथलं ते लालभडक-सोनेरी काम लाखेचंच असतं आणि स्पिरिटच्या एका पुसण्यात नक्षी निघून येते. लोकांनी असे झोपाळे पांढरेफटक करून माझ्याकडे आणलेत आणि मी हात जोडलेत, ते काम संखेड्याचे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीरच करू जाणे.

स्पिरिटबद्दल दोन शब्द, कारण आपण गुजरातमध्ये आहोत. दारूबंदीचा १९४९ चा जो कायदा आहे त्यात डिनेचर्ड स्पिरिटवर (पॉलिशचं हेच स्पिरिट, पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेलं) आणि त्यापासून केलेल्या फ्रेंच पॉलिशवरसुद्धा बंधनं आहेत, त्यामुळे पुण्या-मुंबईचे लोक सांगतात तसं पाच लिटरचा कॅन उचलून आणायचं इथे करू नका. परवाना असलेल्या रंगाच्या दुकानात विचारा, लागेल तेवढंच घ्या, बिल घ्या. नुसती टेस्ट आणि छोटे डाग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, जरा हळू काम करतं एवढंच. आणि हे काम चालू असताना बाल्कनीशेजारच्या देवघरात समई नको, गॅस नको, उदबत्ती पण नको. वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि कुठल्यातरी ज्योतीपाशी जाऊन पेटते. उघड्या खिडकीत, नायट्राइलचे हातमोजे घालून. बाटलीवर मोठ्या अक्षरात विष लिहून ठेवा, त्यात मिथेनॉल असू शकतं.

खाली काय आहे हे बघायला कडा बघा. टेबलाच्या वरच्या रेषा कडेवर येऊन खाली वळल्यासारख्या पुढे चालू राहतात का, टोकाला लाकडाची आडवी कापलेली तोंडं दिसतात का, तर ते अख्खं लाकूड. कडेला वेगळी पट्टी लावलेली दिसली आणि वरच्या रेषा तिथे अचानक संपल्या तर आत प्लाय आणि वर व्हिनिअर. तुमच्या कॅबिनेटची वरची फळी नव्वद टक्के व्हिनिअरची असणार, एवढी लांब सपाट फळी त्या काळात प्लायमध्येच करायचे आणि कडेला सागवानाची लिपिंग, म्हणजे पट्टी. जुनं व्हिनिअर आजच्यापेक्षा थोडं जाड असतं तरी मिलिमीटरच्या आतच. ऑर्बिटल सँडरवर ऐंशी नंबरचा पेपर लावून कडेपाशी जरा रेंगाळलात की संपलं, खालचा प्लाय डोळे वटारून बघायला लागतो आणि त्याला इलाज नाही. सँडर परत करता येत असेल तर करा, नाहीतर पुढे किचनची शेल्फं करायला ठेवा.

आता सफाई, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक नेमकं हेच गुंडाळतात. साठ वर्षांचं सामान काळं दिसतं ते बहुतेक वेळा पॉलिश खराब झाल्यामुळे नाही, तर पॉलिशवर बसलेल्या थरामुळे. स्वयंपाकघरातला तेलकट धूर, हाताचा घाम, धूळ, वर्षानुवर्षं दिवाळीला लावलेलं मेण नाहीतर खोबरेल. हो, खोबरेल, बऱ्याच घरी लावतात, चमक येते आणि मग त्याच्यावर धूळ चिकटून डांबर होतं. पहिल्यांदा कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोनचार थेंब, कपडा घट्ट पिळून, छोटा छोटा भाग पुसायचा आणि लगेच कोरड्या कपड्याने कोरडा करायचा. पाणी सांध्यात आणि व्हिनिअरच्या कडेला मुरू द्यायचं नाही. कपडा चहासारखा तपकिरी निघत राहील, निघेनासा होईपर्यंत पाणी बदलत रहा.

दुसऱ्या दिवशी मिनरल टर्पेंटाइन. लाख टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, म्हणून हे सेफ आहे, मेण आणि तेलकटपणा तेवढा जातो. सगळ्यात बारीक स्टील वूल मिळतं, चार शून्यांचं, ऑनलाइन सहज मिळेल, ते टर्पेंटाइनमध्ये बुडवून लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा आणि मागोमाग सुती कपड्याने पुसून घ्या. किचनमधला तारेचा घासा नको, तो ओरखडे पाडतो. पायांचे निमुळते भाग आणि हँडलभोवतालची जागा इथे सगळ्यात जास्त मळ असतो, तिथे जुना टूथब्रश. कोणी कधी सिलिकॉनवाला चमकवायचा स्प्रे मारला असेल तर तोही याच वेळी उतरवायचा, तो राहिला तर पुढच्या पॉलिशमध्ये डोळ्यांसारखे गोल गोल खळगे पडतात. हे सगळं झालं की एक रात्र सुकू द्या आणि सकाळी उजेडात बघा. माझ्याकडे येणाऱ्या सामानातलं कितीतरी या पायरीवरच थांबतं, मालकच म्हणतात की राहू द्या, असंच छान आहे.

मग पातळ मेण. मधमाशीचं शंभर ग्रॅम मेण आणि साधारण तीनशे मिलि टर्पेंटाइन. गरम पाण्याच्या पातेल्यात मेणाची वाटी ठेवून मेण वितळवायचं, गॅस बंद करायचा, पातेलं खाली उतरवून दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि तिथे टर्पेंटाइन मिसळायचं, गॅसवर कधीही नाही. गार झालं की लोण्यासारखं होतं. कपड्याने पातळ चोळा, अर्ध्या-पाऊण तासाने स्वच्छ कपड्याने जोर लावून पुसा. जाड लावलं म्हणून जास्त चमकत नाही, नुसतं चिकट राहतं. फक्त दसऱ्यानंतर ज्या वस्तूला लाख मारायची ठरवली असेल तिला आत्ता मेण लावू नका, पुन्हा उतरवत बसावं लागेल.

टेबलावरचे पांढरे गोल आणि काळा डाग हे दोन वेगळे आजार आहेत. पांढरा गोल पॉलिशच्या आत असतो, गरम कपाची वाफ लाखेत शिरली की तिथे ती दुधाळ होते, लाकडाला काही झालेलं नसतं. कपडा स्पिरिटने जेमतेम ओला करा, इतका की हाताला गार लागेल पण थेंब निघणार नाही, आणि डागावरून न थांबता भरभर फिरवा, एकदा फिरवून दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा. थांबून घासलंत तर पॉलिशच निघून येईल. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो, बहुधा पाणी आणि लोखंड, कोणीतरी ओली कढई नाहीतर लोखंडी कुंडी ठेवली असेल. तिथलं पॉलिश स्पिरिटने काढायचं आणि मग ऑक्झॅलिक ॲसिड, अर्ध्या लिटर कोमट पाण्यात तीसचाळीस ग्रॅम, प्लॅस्टिकच्या भांड्यात, ब्रशने लावायचं. डागापुरतंच लावलं तर तिथे फिकट ठिपका उठून दिसतो म्हणून त्या पूर्ण फळीला एकसारखं लावा. डाग फिका पडला की स्वच्छ पाण्याने दोनतीनदा पुसून काढा आणि नीट सुकवा. हे विषारी आहे, मुलं-मांजरं लांब, आणि सुकल्यावर जी पांढरी भुकटी दिसते ती कोरडी घासू नका, नाकात गेली तर जळजळ होते, ओल्या कपड्यानेच पुसा.

खुर्च्यांचं बघू. बसल्यावर कुरकुरत असतील तर सांधे सुटलेत, आणि त्याला खिळे, स्क्रू, एल-अँगल असलं काही मारायचं नाही, प्लीज. त्या काळच्या सामानात सरस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद) असायचा. फेविकॉल १९५९ ला आलं आणि सगळ्या सुतारांच्या हातात पोचायला वेळ गेलाच, त्यामुळे तुमच्या खुर्चीत दोन्हीपैकी काहीही निघू शकतं. सरस ओल्या गरम कपड्याने नरम होतो, हे त्याचं मोठं सुख. फेविकॉल पाण्याने तसं सुटत नाही, गरम व्हिनेगरने मऊ करून पटाशीने खरवडावं लागतं, आणि जुन्या फेविकॉलच्या थरावर नवं फेविकॉल धरत नाही म्हणून खरवडल्याशिवाय चिकटवण्यात अर्थ नाही. खोलण्याआधी प्रत्येक तुकड्याला मास्किंग टेप लावून नंबर घाला, मोबाइलमध्ये फोटो काढा, रबरी हातोड्याने हळू हळू सुटे करा. जे सांधे घट्ट आहेत ते उगीच खोलू नका. सागवानाला अंगचं तेल असतं, चिकटवायच्या आधी कुसाला (भोकात बसणाऱ्या टोकाला) आणि भोकाला ॲसिटोनने पुसून घ्या म्हणजे गोंद नीट धरेल. क्लॅम्प नसतील तर सुतळीची दुहेरी दोरी गुंडाळून मध्ये काडी घालून पीळ द्या, चारही पाय सपाट फरशीवर टेकतायत ना बघा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्णांचं माप सारखं येतंय ना बघा, आणि एक पूर्ण दिवस हात लावू नका. या पावसात दोन दिवस.

वेत तुटलेला नसेल, नुसता सैल पडून झोळी झाली असेल तर तो बदलायची गरज नाही. खुर्ची उलटी करा, वेताच्या खालच्या बाजूला गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल पंधरा-वीस मिनिटं ठेवा. वरची बाजू गुळगुळीत असते, ती पाणी पीत नाही, खालची पिते. मग सावलीत वाळू द्या, वाळताना वेत आखडतो आणि ताणला जातो. लाकडाच्या चौकटीला पाणी लागू देऊ नका. तुटलेला असेल तर विणकर शोधावा लागेल, पूर्वी अंध शाळांमधून खुर्च्या विणायला शिकवायचे आणि तिथे शिकलेली माणसं अजून घरोघरी जाऊन विणून देतात, तुमच्या भागातल्या जुन्या शाळेत, ऑफिसात चौकशी केलीत की नाव मिळतं. स्वस्तात प्लॅस्टिकची वायर भरून देतो म्हणणारे भेटतील. देऊ नका.

कीड लागलीये का तेही आत्ताच बघा. पायाला मातीची चिकटलेली नळी दिसली तर वाळवी, टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी म्हणजे भुंगा. सागवानाचा आतला गाभा त्यांना आवडत नाही पण कडेचा फिकट पांढरा भाग खातात, आणि प्लाय तर आवडीने. भोकं जुनी आहेत की चालू आहेत ते कळायला खाली काळा कागद ठेवून आठवडाभर वाट बघा. ताजी भुकटी पडली तर लाकडाचं कीडनाशक इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकात भरा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, आणि तोवर ती वस्तू घरातल्या बाकी लाकडापासून लांब.

आता दसऱ्यानंतरचं काम, म्हणजे सेंटर टेबलाचा टॉप, बाकी कशाला लागेलसं वाटत नाही. जुनी लाख पूर्ण काढायची असेल तर घासायची नाही, स्पिरिटने भिजवून काढायची. कपडा भिजवून फळीवर पसरा, वरून प्लॅस्टिक झाका, पाचेक मिनिटांनी जुन्या प्लॅस्टिक कार्डाने रेषेच्या दिशेने ओढून काढा. लाकूड कोरडं झालं की मग हातात लाकडी ठोकळा घेऊन १८० चा पेपर, मग २२०, बस. पेन्सिलीने फळीवर फिकट नागमोडी रेषा मारून घ्या आणि रेषा गेल्या की थांबा, म्हणजे हात एकाच जागी रेंगाळत नाही. ताजं घासलेलं सागवान फिकट आणि डागाळलेलं दिसतं, घाबरून वॉलनट स्टेन आणू नका, टर्पेंटाइनचा ओला कपडा फिरवून बघा, पॉलिशखाली जवळपास तोच रंग दिसणार आहे, शिवाय उजेडात काही आठवड्यांत ते आपोआप सोनेरी होतं. मिस्त्री लोकांची स्टेन मारायची घाई मला कधी कळलेली नाही, इतकं सुंदर लाकूड आणि वर चॉकलेटी पाणी.

एखादी वस्तू ऑइल पेंटने रंगवलेली निघाली तर ती कोरडी घासू नका हे मात्र लक्षात ठेवा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, साठ-सत्तर सालच्या रंगात किती असेल कोणास ठाऊक, आणि घासलं की ते धुळीतून घरभर. तिथे रिमूव्हर लावून ओलंच खरवडायचं.

लाख मारणं. ताजा चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) दोनशे ग्रॅम, एक लिटर स्पिरिट, काचेच्या बरणीत रात्रभर, मधून मधून हलवायचं, सकाळी मलमलीतून गाळायचं. तुम्हाला एवढं लागणार नाही, पाव लिटर करा, आणि बरणीवर तारीख लिहा कारण सहाएक महिन्यांनंतर ते मिश्रण नीट कडक होत नाही, बोटाला चिकटत राहतं. दुकानातलं तयार पॉलिश घेतलंत तर आधी काचेवर एक थेंब टाका, तासाभरात नखाला चिकटेनासं झालं तरच वापरा. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून पुरचुंडी करा, लाख कापसात आतून भरा, बाहेरून बुडवू नका. हात चालू असतानाच फळीवर यायचं आणि हात चालू असतानाच फळीवरून बाहेर जायचं, मध्ये थांबलात की पुरचुंडी तिथेच चिकटते आणि खड्डा पडतो. पहिले तीनचार हात सरळ रेषेत, प्रत्येकाच्या मध्ये अर्धा तास. मग एक रात्र. दुसऱ्या दिवशी ४०० च्या पेपरने नुसतं कुरवाळल्यासारखं, धूळ पुसायची, आणि आता गोल गोल हात, पुरचुंडी ओढायला लागली तर तिच्या तोंडाला पांढऱ्या मिनरल ऑइलचा एक थेंब. लाखेचा प्रत्येक नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, म्हणूनच पन्नास वर्षांनी पण तिची दुरुस्ती होते. चार दिवस झाले की थांबा, तुम्हाला आरशासारखं नको आहे, त्या काळच्या सामानावर ती चमक शोभत पण नाही.

पण सेंटर टेबलावर चहा येणार, आणि लाख उष्णतेला आणि दारूला दोन्हींना कच्ची. दारूचा प्रश्न इथे येत नाही असं धरून चालू. रोज वापरायचं असेल तर खाली डीवॅक्स्ड, म्हणजे मेण काढलेल्या लाखेचे दोन पातळ हात आणि वर वॉटर-बेस्ड पीयू, मॅट किंवा सॅटिन, ब्रशने तीन हात. साध्या चपड्यात मेण असतं त्याच्यावर पीयू नीट धरत नाही, म्हणून डीवॅक्स्डच. टू-पॅक पीयू (दोन डब्यांतलं मिसळून मारायचं) स्प्रे घरी करू नका, त्यातले आयसोसायनेट फुफ्फुसाला फार वाईट, कपड्याच्या मास्कने काही होत नाही. मेलामाइन मारताना फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे चुरचुरतात, फ्लॅटच्या बाल्कनीत ते शेजाऱ्यांना पण भोगावं लागतं. आणि मेलामाइनला पुढे ओरखडा पडला की तेवढाच भाग दुरुस्त होत नाही, पुन्हा पूर्ण घासा, म्हणजे पुन्हा लाकूड कमी. टीक ऑइल पूर्ण उघड्या लाकडावर ठीक आहे, पण लाखेवर लावलं तर आत जायला जागाच नाही, वर चिकट थर बसतो. आणि जवसाचं तेल असलेलं काहीही वापरलंत तर तेलकट चिंध्या बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात, हे खरंच होतं. दोरीवर पसरून कडक होऊ द्या नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

चंदीगडच्या खुर्च्यांचं म्हणाल तर बहुधा नाही. वास्तुकार पिअर जानेरेच्या टीमने पन्नास-साठच्या दशकात तिथल्या सरकारी इमारतींसाठी सागवान-वेताचं सामान केलं, पुढे परदेशी लिलावात त्याला भाव आला आणि तेव्हापासून प्रत्येक वेताची खुर्ची चंदीगडची व्हायला लागली. बाजारात नव्या बनवलेल्या नकला पण भरपूर आहेत. तरी खुर्चीच्या मागे, सीटखाली रंगाने किंवा ठशाने काही अक्षरं-आकडे असतील तर ती पुसू नका, ती चंदीगडची नसली तरी इथल्या एखाद्या ऑफिसची किंवा कॉलेजची असतील, आणि वस्तूचं वय सांगणारं तेवढंच काहीतरी असतं.

कॅबिनेटच्या दारांचा तो पिवळा सनमायका काढून व्हिनिअर लावायचा विचार सोडून द्या. तो मूळचाच आहे, त्या डिझाइनमध्ये लाकूड आणि एक सपाट रंग असंच असायचं, आणि तो उखडताना खालच्या प्लायचे पापुद्रे सुटतील. साबणपाण्याने पुसा, कोपरा उचकटला असेल तर खाली फेविकॉल भरून वजन ठेवा. दारं अडकत असतील तर रंधा मारू नका, पावसाळ्यात फुगलेली आहेत, थंडीत बसतील. खाचेतला मळ दाभणाने काढा, पांढरी मेणबत्ती घासा. मागची फळी प्लायची असणार, तिला भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, आपल्याकडच्या भिंतींना या दिवसांत ओल येते. त्या फळीला मागून हात लावून बघा, भुसभुशीत लागली तर सगळ्यात आधी ती बदला, तो फळीएवढा साधा प्लायचा तुकडा कोणीही सुतार एका दुपारी लावून देईल, आणि वरच्या टॉपचं जे काय ठरवायचं ते त्याच्यानंतर.